वहिनींची मालवणची सीट

कोल्हापुरात जन्मलेला माणूस समुद्राविषयी इतकं बोलू शकतो, हे तात्यांना ऐकल्याशिवाय पटायचं नाही. गल्लीत त्यांना ‘मालवणचे तात्या’च म्हणायचे. नव्वदच्या दशकात सुट्टी लागली की स्वतःची ट्रॅक्स जीप काढून ते आम्हा शेजाऱ्यांना मालवणला न्यायचे.

गगनबावड्याचा घाट उतरायला लागला की महाराजांनी सिंधुदुर्ग बांधायला घेतलेला असायचा. किल्ल्याच्या पायात शिसं ओतून होईपर्यंत कणकवली यायची. “चारी बाजूनं खारं पाणी, आन् आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव! हिरीचं पाणी गोड हाय गोड! परत्येकानं ओंजळभर प्यायचंच की!” तारकर्लीच्या वाळूत कुणी जपून चाललं तर खवळायचे, “पावणं, चपला काढा! हितंबी पाय जपून काय करणार हाय?”

त्यांची बायको, आमच्या वहिनी, पहाटे उठून सगळ्यांच्या भाकऱ्या, मिरचीचा खर्डा, शेंगांची चटणी बांधून द्यायच्या. गाडी भरली की तात्या ओरडायचे, “पुढच्या खेपेला तुझी शीट पक्की!” एकदा तर नवी साडी नेसून वहिनी पुढं बसल्यासुद्धा. ऐन वेळी गल्लीतलं एक माणूस वाढलं. तात्यांनी नुसतं बघितलं, वहिनी उतरल्या. “सगळे सांगतात त्या गोड पाण्याची बाटली तरी आणा,” एवढंच म्हणाल्या. तात्या तेही विसरले. माणूस वाईट नव्हता हो! पण घरच्या माणसाला काय, कधीही नेता येतं, हा मेला पुरुषांचा हिशेब.

दोन हजार सालानंतर साध्या तापाचं निमित्त होऊन वहिनी गेल्या. रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर नैवेद्य ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. वहिनींचं काय राहिलं होतं, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक. तात्यांनी हात जोडले. “पुढच्या खेपेला नेतो गं.”

कावळा हलला नाही. त्यांची बहीण रडत म्हणाली, “नेतो म्हणू नगंस, दादा. लई ऐकलंय तिनं त्ये.”

तात्या खाली मांडी घालून बसले. मग नैवेद्याकडं बघत हळूहळू बोलायला लागले. “ह्यो बघ, घाट उतरला...” कणकवली, किल्ला, होडी, सगळं. आम्हाला तोंडपाठ होतं ते. वहिनींनी मात्र एकदाही ऐकलं नव्हतं. तात्या ते गाडीतच सांगायचे ना! “ही साखरबाव. पी. ओंजळभर पी गं.”

कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा करून शिववला.

परतताना तात्या स्टिअरिंगवर बसले. त्यांच्या शेजारच्या सीटवर कुणीच बसलं नाही. आम्ही सगळे मागं दाटीवाटीनं बसलो.