मावशीच्या ओठांवर भलतंच गाणं

माझी नात मोबाइलसमोर उभी राहून ओठ हलवते. गाणं भलत्याचं, ओठ हिचे. मग ते जगाला दाखवते आणि जग हिला लाल बदाम पाठवतं. परवा मला म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी असं काही नव्हतं न?" होतं बाई. हा पराक्रम मी चाळीस वर्षांपूर्वी नागपुरात करून बसलोय. फरक एवढाच की तू आपल्या मर्जीनं करतेस. मी ज्या बाईच्या ओठांवर गाणं चिकटवलं तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

ऐंशीच्या दशकात मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. खांद्यावर कॅमेरा, बगलेत रेकॉर्डरची पेटी, दोन्हींच्या मधे वायर, आणि डोक्यात हवा. असे कॅमेरे तेव्हा अख्ख्या शहरात मोजकेच होते. नवरदेवापेक्षा माझीच बडदास्त जास्त. "व्हिडिओवाले भाऊ जेवले का?" अशी मांडवभर विचारपूस चालायची. मी असा काही भाव खायचो की आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

हिंगण्याकडच्या एका लग्नात मुलीची आई भेटली. तिला सगळे मावशी म्हणत, मीही म्हणू लागलो. नवरा कारखान्यात, दोन मुली, त्यातल्या मोठीचं हे लग्न. हळद लावताना आमच्याकडे बाया गाणी म्हणतात. एक जण पुढे म्हणते, बाकीच्या मागून धरतात. आसपास कुठेही हळद असली की पुढे म्हणायला हिलाच बोलावणं. आणि हिची रीत अशी की दरेक नवरीसाठी नवं गाणं जुळवायचं, तिच्या घरातलं, तिच्या खोड्यांचं. एकीचं गाणं दुसरीला म्हणायची नाही. "ज्या पोरीचं त्या पोरीले," म्हणायची.

स्वतःच्या पोरीसाठी तर तिनं किती दिवस जुळवाजुळव केली असेल, देव जाणे. हळदीच्या आधी माझ्याजवळ आली.

"का गा भाऊ, ह्याच्यात आवाजबी येते न?"

"येते न मावशी. तुम्ही बिनधास्त म्हणा."

"मंग ठीक हाय. म्हातारपणी मी इसरली तं ह्याच्यातूनच ऐकीन."

ती गायली. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. तोंडावर हॅलोजनचा झोत, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, तरी आवाज हलला नाही. मधेच बाया खोखो हसल्या, मधेच सगळ्यांचे पदर डोळ्यांना गेले. माझं लक्ष मात्र तिचा हात चौकटीच्या बाहेर जातोय का आणि हळदीचा पिवळा रंग नीट येतोय का, एवढ्यावरच.

घरी दोन व्हीसीआर जोडून कॅसेट तयार करायला बसलो. लग्नाच्या कॅसेटवर सिनेमातली गाणी टाकायची तेव्हा फॅशनच होती. मावशीचं गाणं आलं आणि मला लाज वाटली. खरं सांगायचं तर माझी आईपण गावाकडे अशीच गायची, आणि नागपुरात आल्यापासून मी ते कुणाला सांगत नव्हतो. हे खेड्यातलं रडगाणं कोण ऐकणार, असं म्हणून मी टेपची वायर जोडली आणि त्या जागी तेव्हा गाजत असलेलं सिनेमातलं गाणं बसवलं. मागेपुढे करून दोनदा पाहिलं. झक्कास बसलं, असं स्वतःशी म्हणालोसुद्धा. मूळ कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरली. सगळेच तसं करायचे, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो.

रविवारी दुपारी त्यांनी भाड्यानं टीव्ही-व्हीसीआर आणला. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मीही गेलो, तारीफ ऐकायला. हळद आली. मावशीनं पडद्यावर तोंड उघडलं आणि सिनेमातल्या बाईचा आवाज निघाला. अख्खी खोली हसली. "अवं बाई, तू तं हिरॉईन झाली वं!" मावशीही हसली. हसता हसता तिनं माझ्याकडे पाहिलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माहा आवाज नाही आला का गा भाऊ?"

"नाही मावशी. मशीन बिघडली होती," मी म्हणालो. धडधडीत खोटं. तिनं मान हलवली आणि मला चहा आणून दिला. तो मी प्यायलोही.

तीन वर्षांनी मावशीची मोठी मुलगी माझ्या नव्या व्हिडिओच्या दुकानात आली. मावशी गेली होती. धाकटीचं लग्न आठवड्यावर आलं होतं.

"भाऊ, ते पहिली कॅसेट हाय का तुमच्याजवळ? आईच्या आवाजाची? धाकटी म्हणते, माह्यासाठी आईनं जुळवलं नाही, तं तुह्या हळदीचंच म्हण. मागून धराचं तेवढं सगळ्यायले येते. आई पुढे म्हणे ते कोणालेच येत नाही. मी तं त्या दिवशी रडूनच राहिली होती."

 या खेपेला खोटं बोलवलं नाही. "मशीन नव्हती बिघडली," मी म्हटलं. "तुझ्या आईचं गाणं मीच काढलं. कॅसेटही पुसली."

ती समोरच्या बाकावर बसली. मग म्हणाली, "शेवटी शेवटी दुखण्यात आईची आठवणच गेली होती भाऊ. टीव्ही आणला का आवाज बंद कराले लावे. अन् आपल्याच ओठाकडे पाहत राहे. मले इचारे, मी काय म्हणून राहिली वं हे?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. 

"तुम्ही तं पार समोर उभे होते," ती म्हणाली. "एखादी ओळ तरी आठवते का?"

मी डोळे मिटले. पिवळा रंग आठवला, कपाळावरचा घाम आठवला, हलणारे ओठही आठवले. 

"नाही आठवत," मी म्हणालो.

"बरं," म्हणून ती उठली आणि गेली.

सिनेमातलं ते गाणं मला आजही तोंडपाठ आहे.