लांबीनं बुजवलेल्या जखमा

सालोमीबाईंनी चादर बाजूला केली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर लाकडी क्रूसावर त्यांचा ख्रिस्त लखलखत होता. गाल गुलाबी, अंगाला नवी कांती, आणि अंगावर एक म्हणून जखम नाही.

साताऱ्यातल्या त्यांच्या छोट्या चर्चमधली ही जुनी मूर्ती. रंग उडाला होता, एका हाताची बोटं तुटली होती. वाईच्या नानासोंचे गणपती लय सुबक असतात, त्यांच्याकडे दुरुस्तीला देऊ, असं सालोमीबाईंनीच फादरना सुचवलं होतं. म्हणून आणायलाही त्यांनाच वाईला धाडलं. गुड फ्रायडे उद्यावर आलेला.

"नानासो, जखमा कुठं हायत?"

"बुजवल्या की!" नानासो कौतुकाची वाट बघत म्हणाले. "हातापायाला भोकं, बरगडीत ही एवढी चीर. रंगाऱ्याची लांबी भरली, वाळल्यावर घासली, वरनं रंग मारला. पाठीमागचं खिळं काढून स्क्रू लावल्यात. हात फिरवून बघा, कुठं लागतंय का."

"आवं, त्या मुद्दाम केलेल्या हुत्या!"

"देवाला? मुद्दाम?" नानासोंचा चेहरा पडला. "ताई, भंगलेली मूर्ती आमी पूजंला देत न्हाई. तुमी इतकी वर्सं तशीच ठेवली, मला तर बघवना."

परत उकरून द्या म्हटलं, तर त्यांनी हात जोडले. बऱ्या केलेल्या देवाला पटाशी लावणार नाही म्हणाले. वर चहा पाजला. माणूस इतका भला, की धड भांडताही येईना, आणि त्यामुळे सालोमीबाई जास्तच चिडल्या. येशूला चादरीत गुंडाळून त्यांनी एसटी पकडली आणि सातारा येईपर्यंत स्वतःशीच पुटपुटत राहिल्या.

खरं तर फादर काय म्हणतील, याची त्यांना फारशी फिकीर नव्हती. फिकीर होती ती घरी खाटेवर बसलेल्या नवऱ्याची. साखरेच्या आजारानं अमृतरावांचे डोळे गेले होते, आणि त्याच साखरेनं पायाला पडलेली जखम काही केल्या भरत नव्हती. दर गुड फ्रायडेला सालोमीबाई त्यांना धरून चर्चमध्ये नेत. सगळे मूर्तीच्या पायाचं चुंबन घेत. अमृतराव तिथल्या खिळ्याच्या जखमेत बोट ठेवून उभे राहत. मागे रांग खोळंबे. इतका वेळ काय करतात, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. पण उद्या बोट गुळगुळीत लाकडावरून घसरलं, तर या माणसाच्या हाती राहिलं काय?

चर्चमधल्या बायका म्हणत, "सालोमी, हा तुझा क्रूस. आनंदानं वाहा." बोलायला काय जातंय! आंघोळ घाल, पट्टी बदल, पथ्याचं रांध, वर बोलणी खा. यात आनंद कुठं ठेवायचा, ते एकीनंही सांगितलं नव्हतं.

घरी येताच त्यांनी मूर्ती जमिनीवर आडवी घातली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन लांबी उकरायला बसल्या. दोन्ही तळहात झाले. बरगडी झाली.

"काय खरवडतीयास गं?" खाटेवरून आवाज आला.

बाईंनी नानासोंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत सगळं सांगितलं. अमृतराव चाचपडत खाली बसले. त्यांचा हात मूर्तीच्या पायाशी गेला आणि तिथंच फिरत राहिला.

"पायाची राहू दे," ते म्हणाले.

"लांबी हाय ती! वरनं रंग!"

"म्हाईत हाय." त्यांनी बोट जखमेच्या जागेवर टेकवलं. "दर वर्सी मी हितं बोट ठिवून त्याला म्हनायचो, तुझी न्हाई भरली, माझीबी न्हाई. चल, आनिक एक वरीस काढू. भरलेली कशी लागती हाताला, ते तरी कळू दे."

सालोमीबाईंनी स्क्रूड्रायव्हर ठेवला, हात धुतले आणि नवऱ्याचा पाय मांडीवर घेतला. पट्टीची वेळ झाली होती.

रोज पट्टी सुटली की अमृतराव विचारत, "भरतीया का?" आणि बाई रोज खेकसत, "भरंल की! रोज काय इचारायचं?" वर्षानुवर्षं हेच. या प्रश्नाचा त्यांना वीट आला होता.

आज पट्टी सुटली. जखम पुसून झाली. औषध लावून झालं. अमृतराव एक हात मूर्तीच्या पायावर ठेवून बसले होते. बाई नवी पट्टी हातात घेऊन वाट बघत थांबल्या. रोजचा प्रश्न काही आला नाही.

"आवं, इचारा की!" सालोमीबाई ओरडल्या, आणि त्यांना रडू फुटलं.