गोळ्यांची पंगत

ती चौकशी आठवली की आजही आधी हसू येते आणि मग हात आपोआप गुडघ्यावर जातो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, केळीच्या घडांच्या चोऱ्याही पाहिल्या. पण तपास अधिकाऱ्यालाच मुद्देमाल खायला दिला गेला, असे प्रकरण एकच.

मी तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत, एरंडोलच्या बाजूला असलेल्या एका गावात गुडघेदुखीच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. धुळ्याहून एक तरुण डॉक्टर यायचे. गावातल्या पन्नाशी उलटलेल्या बायका चाचणीत सामील होत्या. त्यांतल्या निम्म्यांना खरे औषध आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली कोरी गोळी. कोणाला काय मिळते हे ना बायकांना ठाऊक, ना डॉक्टरांना, ना पाकिटे वाटणाऱ्या ताईला. ही ताई गावातलीच एक सून. बारावी शिकलेली आणि त्या घरात पगार घेणारी पहिली बाई.

एक दिवस डॉक्टर तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात आले. कोऱ्या गोळीच्या गटातल्या बायकांच्या रक्तातही औषध सापडल्याचे त्यांना चाचणीवर देखरेख करणाऱ्या तपासनिसांनी कळवले होते. म्हणजे गोळ्यांची अदलाबदल झाली होती, आणि पाकिटे जात होती फक्त ताईच्या हातून. चाचणीची माती झाली, गुन्हा दाखल करा, असा त्यांचा हट्ट. त्यांचा राग मला समजत होता. तरी मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली आणि आधी प्राथमिक चौकशी करू म्हटले. एकदा गुन्हा दाखल झाला की ताईची नोकरी तर जाणारच होती, वर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

खबर तर लगेच आली. आमचा एक खबऱ्या होता, ठाण्यासमोरच्या टपरीवर आमच्या खात्यावर चहा पिण्यात पटाईत. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ताई गोळ्या बाहेर विकत होती आणि त्यातूनच तिच्या घरी नवा कूलर आला होता. कूलर होता, हे खरे. तो तिच्या भावाने घेऊन दिला होता, हे हवालदाराने दुकानात जाऊन चहा थंड व्हायच्या आत शोधून काढले. शिवाय गोळ्या विकल्या असत्या तर औषध कमी जणींच्या रक्तात सापडले असते. इथे ते जास्त जणींच्या रक्तात सापडत होते.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. महिला शिपायाला घेऊन मी भर उन्हाळ्यात गावात गेलो. ताई समोर बसली. मी एकही गोळी विकली नाही, एवढेच तिने ठामपणे सांगितले. मग हे झाले कसे, असे विचारले की ती खाली बघायची.  माझा अनुभव असा की, स्वतःला वाचवणारा माणूस भरमसाट बोलतो आणि दुसऱ्याला झाकणारा गप्प बसतो. ही कोणाला झाकतेय, हे काही केल्या उमगेना.

शेवटी कंटाळून उठायला गेलो आणि गुडघ्यात अशी कळ आली की तोंडून "आई गं" निघाले. त्यासरशी आतून तिच्या सासूबाई आल्या. गाव त्यांना अक्का म्हणायचे. आवाज असा की आमच्या फौजदाराला उसना द्यावा. त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता. झाकण काढून त्यांनी एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

"खाई ले भाऊ. बठ्ठ्या सारख्याच शेतस."

सगळ्या सारख्याच, हे ऐकून ताईने डोक्याला हात लावला. मी त्या गोळीकडे पाहत राहिलो. डबा काठोकाठ भरलेला होता. या इथे कशा आल्या, असे मी विचारले, तर अक्कांनी काही लपवले नाही. लपवण्यासारखे काही आहे, हेच त्यांना मान्य नव्हते. पाकिटे मिळाली की साऱ्या बायका त्यांच्या ओट्यावर जमायच्या. सगळ्या गोळ्या एका डब्यात ओतायच्या, हलवायच्या आणि सारख्या वाटून घ्यायच्या.

"पंगतमा निम्मासले वाढानं नि निम्मासले कोरं ताट दावानं, हाई कोठली रीत शे?" त्या म्हणाल्या. "मंग आम्ही बठ्ठं एक करीसन वाटी लिधं. सूननी काही चूक नही."

म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेले बायकांना कळले नव्हते, असे नाही. पुरते कळले होते आणि पटले नव्हते! सुनेला हे मागाहून समजले. पण सासू आणि साऱ्या चुलतसासवा एका बाजूला, ती एकटी दुसऱ्या बाजूला. तिचे तोंड उघडणार कसे? मला हसू आवरेना. महिला शिपाई तर पदर तोंडाशी नेता येत नाही म्हणून टोपी तोंडाशी धरून उभी होती.

मी डॉक्टरांना तिथेच बोलावून घेतले. ते आधी चिडले, मग डबा पाहून खाली बसले. त्यांनी अक्कांना समजावले की हे औषध म्हणजे पंगतीतले पक्वान्न नव्हे. ते गुणकारी आहे की अपायकारक, हेच अजून ठाऊक नाही. नुसत्या आशेनेही कित्येकांचे दुखणे हलके होते, म्हणून तर कोरी गोळी घेणारे लागतात. अक्कांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, तोवर कोरी गोळीवालीने दुखणे सोसत बसायचे का? औषध चांगले निघाले तर ते तिला मिळणार का? डॉक्टरांनी दोन्ही प्रश्न वहीत टिपून घेतले. पटत नव्हते तर तेव्हाच नाही का म्हटले नाही, असे त्यांनी उलट विचारले.

"तू इतला धुळाथीन उना. चहा बी नही पिधा," अक्का म्हणाल्या. "तुले नही कसं म्हनानं?"

डॉक्टरांनी डब्याचे झाकण लावले. मग त्यांनी चहा मागितला.

तक्रार त्यांनी मागे घेतली आणि मी चौकशी बंद केली. ताईची नोकरी राहिली. डॉक्टरांनी चाचण्यांना परवानगी देणाऱ्या त्यांच्या नीतिसमितीपुढे अक्कांचे दोन्ही प्रश्न मांडले. चाचणी पुन्हा सुरू झाली तेव्हा नेहमीचे दुखण्यावरचे औषध सगळ्यांना चालू राहिले आणि नवे औषध कसोटीला उतरले तर ते आधी कोरी गोळीवाल्यांना, असे ठरले. या वेळी काही बायकांनी सरळ नाही म्हटले. डॉक्टरांना त्याचाच आनंद झाला. ज्या हो म्हणाल्या त्या आता मनापासून म्हणतात, असे त्यांनी मला फोनवर सांगितले. मलाही ते ऐकून बरे वाटले. समोर साहेब बसला की माणूस कशालाही मान डोलावतो. नाही म्हणायची वाट मोकळी ठेवल्याशिवाय त्याच्या 'हो'ला अर्थ नाही, हे ठाण्यात जितके खरे तितकेच दवाखान्यात, एवढे मी त्या डब्यापाशी शिकलो.

निकाल आला तो पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात, भरिताच्या दिवसांत. मला खास निमंत्रण होते. मळ्यात वांगी भाजली जात होती, पुऱ्या तळल्या जात होत्या. औषध बऱ्यापैकी गुणाचे निघाले होते. कोणी काय घेतले ते डॉक्टरांनी वाचून दाखवले, आणि अक्कांच्या वाट्याला या दुसऱ्या खेपेला पहिल्यापासून कोरी गोळी होती असे निघाले. त्यांचे गुडघे तर मागच्या लग्नसराईत वरातीपुढे नाचण्याइतके सुधारले होते. बायका हसून हसून लोळल्या. ठरल्याप्रमाणे खरे औषध पहिल्यांदा अक्कांना द्यायला ताई पुढे आली, तर अक्कांनी हात मागे घेतला. मला माझी जुनीच हवी, म्हणाल्या. ती तर नुसती साखर, आता ती देणे म्हणजे तुम्हाला फसवणे, असे डॉक्टर म्हणाले.

"खोटं कसाले बोलस? साखर शे असं सांगीसन दे, मी खाई लिसु." आणि सुनेकडे वळून, "तू दे वं."

डॉक्टर विचारात पडले. ताईने पाकिटांची पिशवी मागे घेतली.

"नही आत्याबाई. डॉक्टर सांगतीन तव्हय. तुम्ही म्हनतस म्हनीसन मी देवाव नही."

 आजवर अक्कांना कोणी नाही म्हटलेले कोणाच्या ऐकिवात नव्हते, आणि हिने साऱ्या गावादेखत म्हटले. अक्का तिच्याकडे एकटक बघत राहिल्या. मग त्यांनी मांडीवर थाप मारली.

"आते शिकनी मनी सून," म्हणाल्या, आणि पंगतीत आपल्या शेजारी तिच्यासाठी जागा केली.