काकूंचा सोमवार

गेल्या सोमवारी सकाळी मला जिना उतरता येईना. हिंजवडीजवळच्या जांबे गावातल्या आमच्या घरमालकांच्या जिन्याला कठडा नाही. भिंतीला धरून, प्रत्येक पायरीवर "आई गं" म्हणत खाली पोचले, तर अंगणात सोनाली बुटाची नाडी बांधत बसलेली...

सोनाली म्हणजे मालकांची धाकटी लेक, पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे आम्ही दोघी आयटी पार्कच्या नव्या फेजच्या रिकाम्या रस्त्यावर पळतो. म्हणजे ती पळते आणि मी मोबाइलवर वेळ लावून मागे धापा टाकते. जळगावहून येऊन हिंजवडीत टेस्टिंग करणारी मी तिची कोच कशी झाले, ते विचारू नका. कंपनीच्या जिमचं कार्ड आहे, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

बुधवारी तिचं ग्राउंड होतं, म्हणजे धावणं, गोळाफेक वगैरे शारीरिक परीक्षा. मागच्या भरतीत थोडक्यात हुकलं होतं. यावेळीही हुकलं असतं तर घोटावड्याचं एक स्थळ वाट बघत होतंच... मुलगा वाईट नाही, पण हिला अंगावर खाकी हवी आहे.

आता भरतीवाले काही भाताची कापणी बघून तारीख देत नाहीत. शनिवार-रविवार सगळं घर खाचरात होतं. मीही हौसेने विळा घेतला आणि थोड्याच वेळात कंबर धरून बांधावर बसले. सोनाली आणि तिची आई, म्हणजे काकू, अंधार पडेपर्यंत वाकून कापत होत्या.

त्यामुळे सोमवारी सगळ्यांच्याच मांड्या भरून आलेल्या. सोनालीला धड उठता येत नव्हतं, तरी निघाली होती पळायला.

या विषयावर मी नेटवर वाचून ठेवलं होतं. अर्धे म्हणतात, दुखत असलं तरी हलका व्यायाम करा, अंग मोकळं होतं. उरलेले म्हणतात गप पडून राहा, नाहीतर दुखणं वाढवून घ्याल. दोन्हीकडच्यांचे दंड सारखेच फुगलेले, त्यामुळे विश्वास कुणावर ठेवायचा...

मी थांबण्याच्या बाजूने कौल दिला. त्यात माझ्या मांड्यांचाही स्वार्थ होता, ते सोडा. पण परवावर परीक्षा आली असताना एखादी शीर धरली असती, तर वर्षभराची मेहनत पाण्यात गेली असती.

काकांचंही, म्हणजे तिच्या वडिलांचंही, तेच म्हणणं. त्यांच्याकडे सोमवारी बैल जुंपत नाहीत. आभाळ भरून आलं होतं, कापलेल्या भाताचे भारे खाचरात पडले होते, तरी गाडी निघाली नव्हती आणि बैल गोठ्यात निवांत रवंथ करत होते. बैलाला बी एक दिस लागतोय, तू तर माणूस हायेस, असं त्यांनी गोठ्यातूनच समजावलं.

सोनालीने चुलीकडे बोट दाखवलं. काकू भाकरी थापत होत्या. एक पाय दुमडतच नव्हता, म्हणून तो लांब केलेला.

"आई माझ्याइतकंच कापत व्हती ना? तिचं दुखत न्हाई का? ती उठली, मंग मी कशी पडून ऱ्हाऊ?"

काकूंचं अंगही आंबलं असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मला सवय हाय, तू तुझं बघ, असं काकूंनी तिला उडवून लावलं. सोनाली उठली आणि लंगडत फाटकाकडे निघाली. पोरगी हट्टी आहे, ती खरंच पळाली असती.

"मी बसले तर बसशील?" मागून काकूंचा आवाज आला.

सोनाली थांबली. काकूंनी तव्यावरची भाकरी नीट भाजून घेतली, ती वाया घालवणं त्यांना जमलंच नसतं. मग पिठाची काटवट बाजूला सारली, चुलीतली लाकडं मागे ओढली आणि ओट्यावर येऊन भिंतीला टेकून बसल्या. हातांचं काय करायचं, ते त्यांना कळत नव्हतं.

काका गोठ्यातून बाहेर आले आणि बघतच राहिले. सकाळच्या वेळी बायकोला असं बसलेलं त्यांनी बहुधा कधी पाहिलंच नव्हतं. घाबरून विचारलं, "बरं न्हाई का?"

"बरी हाय," काकू म्हणाल्या. "सोमवार हाय आज."

सोनालीने बूट काढले आणि आईला टेकून बसली.

मग मी ऑफिसला उशीर होईल म्हणून कळवलं आणि सगळ्यांसाठी खिचडी टाकली. ती तळाला लागली. काकांनी पाणी भरलं आणि चहा केला, त्यात साखर किती होती ते विचारू नका. काकू सारख्या उठायला बघायच्या आणि सोनाली पदर धरून त्यांना खाली बसवायची. हसून हसून पुरेवाट झाली.

मंगळवारी नुसतं चाललो. बुधवारी मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर गेले. मैदानाच्या फाटकातून बाहेर आली तेव्हा घामाने भिजली होती आणि हसत होती... धावणं छान झालं. निकाल अजून लागायचा आहे, त्यामुळे अभिनंदन एवढ्यात नको. घोटावड्याला मात्र काकांनी सध्या थांबा म्हणून कळवलंय.

आज परत सोमवार. सकाळी खाली आले तर काकू नेहमीसारख्या भांडी घासायला बसलेल्या. मला जरा वाईटच वाटलं. म्हटलं, संपलं ते एका दिवसात...

तेवढ्यात काका बैलांना वैरण टाकून आले आणि काकूंसमोर उकिडवे बसले. "ए, सोमवार हाय न्हवं आज?" म्हणाले आणि त्यांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

ऑफिसला पोचल्यावर आधी जळगावला आईला फोन लावला. विचारलं, काय करतेस? म्हणाली, काही नाही गं, गोधड्या धुवायला काढल्यात.

म्हटलं, आई, आज राहू दे. बस ना जरा.