प्रतीक्षायादीतलं पहिलं नाव

रंगनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कार्यालयात तालुकावार पावसाचे तक्ते तपासत बसलो होतो. फोन केदारखेड्याहून होता, त्याच्या मुलीचा, अर्चनाचा. "काका, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली आणि मी "बरं" म्हणालो. असं ऐकल्यावर कुणी बरं म्हणतं का? पण दीड वर्ष त्याची मूत्रपिंडं निकामी होती, आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस, एसटीने जाणं, एसटीने येणं... सांगणारी आणि ऐकणारा, दोघंही थकून गेलो होतो. फोन ठेवून मी हातातला तक्ता पुरा केला आणि मगच उठलो. त्याला आता पाच आठवडे होतील.

आम्ही एकाच गावचे. माझ्या घरी शेती, त्याच्या घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. अकरावी-बारावीला जुन्या जालन्यात धान्याच्या एका दुकानावरची खोली दोघांत घेऊन राहायचो. मी पाठ करून मार्क मिळवायचो. रंगनाथ गणित सोडवताना स्वतःशीच हसायचा, हा फरक मला तेव्हाही दिसत होता. बारावीचा निकाल लागला आणि आमच्या गणिताच्या सरांनी उत्तरेतल्या एका मोठ्या विद्यापीठाचे अर्ज आणून दिले. म्हणाले, "तिथं ऑनर्स असतं. तीन वर्षं एकच विषय, मुळापासून. भरून टाका." आम्ही भरले. जिल्ह्याबाहेर मी तोवर एकदाच गेलो होतो, तेही लग्नाच्या वऱ्हाडातून.

दोघांनाही मुलाखतीचं बोलावणं आलं. मनमाडला गाडी बदलून, पत्र्याच्या दोन पेट्या घेऊन गेलो. चौथ्या दिवशी यादी लागली. निवडलेल्यांत शेवटून दुसरं नाव माझं होतं आणि प्रतीक्षायादीत पहिलं नाव रंगनाथचं. एखादा मार्क इकडे-तिकडे, बस. ऑफिसातल्या कारकुनाने सांगितलं, महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत कुणी जागा सोडली तर पहिला नंबर याचा. मग रंगनाथ माझ्याच खोलीत पाहुणा म्हणून राहिला, जागेची वाट बघत.

त्या महिन्याचं काय सांगू? पहिल्याच तासाला इंग्रजीचा जो लोंढा अंगावर आला त्यात मी बुडालो तो वर आलोच नाही. मेसमध्ये "हमकू" म्हणालो तर अख्खं टेबल हसलं. तेव्हापासून जेवताना तोंडच उघडायचं सोडलं. रंगनाथ मात्र पहिल्या दिवसापासून वर्गात येऊन मागे बसायला लागला. त्याला कुणी विचारलं नाही, त्यानेही कुणाला विचारलं नाही. एकदा प्राध्यापकांनी फळ्यावर एक विधान लिहिलं आणि सिद्ध करा म्हणाले. सगळे आपापल्या वहीत बघायला लागले. हा उठला, फळ्यापाशी गेला आणि एक शब्द न बोलता पाच ओळींत सिद्ध करून मोकळा झाला. प्राध्यापकांनी रोल नंबर विचारला.

"रोल नंबर न्हाई सर. वेटिंग में हूँ."

पोरं हसली. प्राध्यापक हसले नाहीत. म्हणाले, "तो बैठिए. बैठने से किसने रोका है?"

सकाळी मेस उघडायच्या आधी तो मला कालचं शिकवायचा. सीमेची, म्हणजे लिमिटची, व्याख्या माझ्या डोक्यात शिरत नव्हती, तर म्हणाला, "हे पाह्य पल्हाद, तू सांग मेंढरं वाड्याच्या किती जवळ आणायची. मंग मी सांगतो कुठून हाकायला लागायचं. तू कितीबी जवळ म्हण, माझ्यापाशी जागा पायजे. एवढंच हाय हे." मला ते समजलं, आणि समजल्यावर अधिकच वाईट वाटलं. जागेवर बसलो होतो मी आणि गणित येत होतं त्याला.

तिसऱ्या आठवड्यात मी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लिहिला आणि त्याच्या हातात दिला. "मी चाललो घरी. माझ्या जागी तू बस." त्याने अर्ज दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "मी देतो ऑफिसात," म्हणाला. मला हलकं वाटलं. मी पेटी भरायला घेतली. घरी काय सांगायचं तेही ठरलं होतं, मित्रासाठी जागा सोडली. गावात मान राहिला असता, उलट वाढलाच असता.

शनिवार गेला. रविवारी ऑफिस बंद. सोमवारी सकाळी रंगनाथने खिशातून तोच अर्ज काढून माझ्या पलंगावर ठेवला.

"दिला न्हाईस?"

"न्हाई. यादी बंद झाली शनवारी. आता तू जाण्यानं माझं काही व्हत न्हाई. आता सांग, जायाचंय का तुला?"

मी संतापलो, पार रडलो. तो शांतपणे स्वतःची पेटी आवळत होता. दुपारच्या गाडीला मी त्याला सोडायला गेलो आणि परत येऊन त्या पलंगावर बसलो... त्या दिवशी हिंमत आली म्हणून मी राहिलो, असं कुणाला वाटू नये. परत जायला माझ्यापाशी कारणच उरलं नव्हतं.

तीन वर्षांनी मी ऑनर्स झालो, जेमतेम दुसऱ्या वर्गात. पुढे सांख्यिकीची सरकारी नोकरी, बदल्या, तक्ते, बेरजा. त्या तीन वर्षांतलं गणित मला पुन्हा कधी लागलं नाही. रंगनाथने जालन्यात बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं आणि गावच्या शाळेत मास्तर झाला. आम्ही भेटायचो, पोरांची लग्नाची वयं काढायचो, गुडघे दुखतात म्हणायचो. तो अर्ज मात्र कधीच बोलण्यात आला नाही. पस्तीस वर्षं मी विचारलं नाही, याची मला लाज वाटते.

शेवटी विचारलं ते दवाखान्यात, मशीन चालू असताना. तो डोळे मिटून पडला होता. मग म्हणाला, "तू माझ्या नावावर पळून चालल्तास. आन् माझं मन बी साफ नव्हतं रे. रोज सकाळी तुला शिकवायचो, आन् आतून वाटायचं, याला न्हाई जमलं तर बरं. असल्या मनानं ती जागा घेतली असती तर..."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. दोन-चार वर्षं लई वाटलं. बी.एस्सी.ला बसलो की त्या वर्गाची याद यायची." मग डोळे उघडून म्हणाला, "तू तरी पुरं केलंस. बराबर झालं."

बराबर झालं की नाही, मला ठाऊक नाही. त्याच्या जागेवर बसून मी काय केलं याचा हिशेब करण्याइतकी ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

तेराव्याला गेलो तेव्हा केदारखेड्यातच मुक्काम केला. पहाटे जाग आली ती बोलण्याच्या आवाजाने. घराच्या कडेला पत्र्याची एक खोली आहे, तिथे तो शाळेआधी बारावीच्या मुलांना शिकवायचा. बघतो तर दहा-बारा पोरं-पोरी आत बसलेली, आपापसांत गणितं सोडवत होती. सुमनवहिनी, रंगनाथची बायको, चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "या म्हनून कुनी सांगितलंच न्हाई त्यांला. येतेत. अर्चना कुलूप काढून देती." मी दारात उभा राहिलो. आत त्याची खुर्ची रिकामी होती. पोरांनी ती हलवली नव्हती आणि तिच्यावर कुणी बसतही नव्हतं.

पुढच्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन माझ्यापाशी आली. "तुम्ही सरांचे दोस्त ना? सर म्हणायचे तुम्ही मोठ्या युनिव्हर्सिटीत गणित शिकले. हे इंटिग्रेशन अडून राह्यलं. जमतं का पाहा ना."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पहिली ओळच ओळखीची वाटेना. नाही म्हणणं सोपं होतं. खुर्ची तशीच ठेवून मी तिच्या बाकावर सरकून बसलो आणि म्हणालो, "पेन्सिल दे. वेळ लागेल मला."