मिक्सरची खंडेनवमी

लातूरहून परत आल्यापासून मालविका आईशी एकदाही भांडली नव्हती, आणि उज्वलाच्या जिवाला तोच घोर लागून राहिला होता. बी.एड.चा अर्ज भर म्हटलं, तर ‘भरते’. उमरीचा मुलगा बघून घे म्हटलं, तर ‘बघते’. दोडक्याची भाजी केली, तर तीसुद्धा तिने मुकाट्याने दोनदा वाढून घेतली. ‘केस नीट बांध’ एवढं साधं वाक्य जिने जन्मात कधी वादाशिवाय ऐकून घेतलं नव्हतं, ती पोरगी आता प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. उज्वला नांदेडच्या शाळेत मराठी शिकवायची. वर्गात एखादं मूल असं अचानक शहाणं झालं, की ती लगेच पालकांना बोलावून घ्यायची. इथे पालक तीच होती.

खरं तर तिने खूश असायला हवं होतं. वर्षभर देवापुढे हात जोडून तिने हेच तर मागितलं होतं, की पोरीचं ते आवाजाचं खूळ सुटू दे आणि पोरगी घरी येऊ दे. देवाने दोन्ही गोष्टी एकदम दिल्या होत्या.

मालविका झाली ती निलंग्याला, भूकंपानंतरच्या हिवाळ्यात. घराच्या भिंतींना तडे गेलेले, सगळी आळी मैदानात पत्र्याखाली राहत होती. एवढ्या धामधुमीत सुखरूप झालेली मुलगी पुढे काहीतरी मोठं करणार, असं येणारी-जाणारी बाई सांगून जायची. पुढे लातुरात क्लासेसच्या इमारतींवर इमारती चढल्या आणि ‘काहीतरी मोठं’ याचा एकच अर्थ उरला, डॉक्टर. त्यामुळे मालविकाचं काय करायचं हा प्रश्न घरात कधी पडलाच नाही. दहावीचा निकाल लागला आणि हणमंतरावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, गादीची वळकटी थेट लातूरच्या एसटीत चढवली.

राघवेंद्र सरांच्या क्लासमध्ये ती बारावी झाली. मार्क कमी पडले. रिपीट केलं. पुन्हा कमी पडले. पुन्हा रिपीट. शेजारपाजारी विचारायचे, तेव्हा उज्वला सांगायची, ‘‘लातूरला राघवेंद्र सरांच्या क्लासमध्ये असते.’’ नंतरही ती हेच सांगत राहिली, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. मालविका क्लासमध्येच असायची. फक्त बाकावर नाही, हॉलच्या पार मागे, माईकचे आवाज सांभाळणाऱ्या मिक्सरच्या खुर्चीवर.

त्याचं असं झालं, की सरांचा हॉल वाढत वाढत इतका लांब झाला, की शेवटच्या बाकावरून सर खडूएवढे दिसायचे. समोरच्या क्लासने डिजिटल मिक्सर आणल्याचं कळलं, तसा सरांनीही आणला. तो चालवायला ठेवला चाकूरचा मडिवाळप्पा. त्याने उभी हयात लग्नाच्या मांडवात स्पीकर लावले होते. जुन्या मिक्सरवर आवाज वर-खाली करायच्या प्रत्येक दांडीखाली कागदी पट्टी चिकटवून त्यावर नाव लिहायची त्याची पद्धत होती. नव्यावरही त्याने पट्ट्या लावल्या. पहिल्या दांडीखाली ‘सर’, दुसरीखाली ‘पाहुणे’, तिसरीखाली ‘गाणे’.

पहिल्याच आठवड्यात त्याने ‘गाणे’ खाली ओढलं आणि बंद पडला तो सरांच्या मेव्हण्याचा माईक. मेव्हणे तेव्हा स्वागतपर भाषण करत होते, म्हणून कुणी फारशी तक्रार केली नाही.

मालविका तेव्हा मागेच बसायची. तिसऱ्या वर्षी सरांचे विनोदसुद्धा तिला पाठ झाले होते. मडिवाळप्पाने तिच्यापुढे माहितीपुस्तक सरकवलं.

‘‘अक्का, तुमी शिकलेल्या. वाचून सांगा बरं ह्ये मशीन काय म्हणून राहिलंय. एका दांडीवर दोन-दोन मानसं कशी काय बसली?’’

मालविकाने वाचलं. भौतिकशास्त्राचं पुस्तक तीन वर्षांत तिने असं कधी वाचलं नव्हतं. मग तिने त्याला बटण दाबून दाखवलं. दांड्या तेवढ्याच, पण बटण दाबलं की मशीन पान उलटतं आणि त्याच दांड्यांवर दुसरेच माईक येतात. कागदी पट्टी बिचारी जुन्याच पानावर राहते.

‘‘मंग पट्टी लावायचीच न्हाई?’’

‘‘न्हाई काका. आधी कुठल्या पानावर हात आहे, ते बघायचं.’’

‘‘लई झालं. तुमीच बसा हितं. मी वायरी बघतो.’’

अशी मालविका बसली ती बसलीच. माईकमधून मुळात किती आवाज आत घ्यायचा हे गेनच्या गोल बटणावर ठरतं, आणि त्यातला किती हॉलमध्ये सोडायचा हे दांडीवर. गेन चुकलं, तर दांडी कितीही हलवा, उपयोग नाही. दोन माईक उघडे नकोत, नाहीतर शिट्टी वाजते. एकदा नीट जमलेली मांडणी साठवून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी एका बटणासरशी सगळ्या दांड्या आपोआप सरकून जागेवर जातात. हे सगळं ती फोनवर सांगायची आणि उज्वला दुसऱ्या कानाने ऐकायची, कारण पहिल्या कानाला ‘मार्क’ हा शब्द हवा असायचा.

‘‘हे किती दिवस चालायचं, मालू?’’

‘‘आई, तू आधी गेन कमी कर. तिकडूनच फाटून राहिलाय आवाज.’’

दसऱ्याच्या आदल्या दिवशी उज्वला लातूरला गेली ती पोरीला समजावून परत आणायला. मालविकाने तिला खुर्चीत बसवलं आणि कानाला हेडफोन लावला. उज्वला दचकली. लांबून, जमिनीखालून यावी तशी घरघर. निलंग्यातली ती भूकंपाची पहाट झरकन तिच्यापुढे उभी राहिली.

‘‘काय गं हे?’’

‘‘जनरेटर आहे बाहेर. माईक तेही उचलतो. थांब.’’ मालविकाने एक बटण दाबलं. घरघर गेली. उरला तो फक्त सरांचा खाकरण्याचा आवाज, स्वच्छ.

उज्वलाने हेडफोन बराच वेळ काढला नाही.

त्याच दुपारी खंडेनवमीची पूजा होती. वर्गातले फळे, प्रोजेक्टर, पुस्तकांचे गठ्ठे, सगळ्यांना हळदीकुंकू लागलं. शेवटी सर मिक्सरपाशी आले. मालविकाने त्यावर प्लास्टिकचं झाकण घातलं होतं.

‘‘सर, झाकणावरच लावा ना कुंकू. आत दांड्या सरकवायच्या मोटारी आहेत.’’

‘‘देवाला काय गोशात बसवतीस काय?’’ सर हसले, म्हणून सगळे हसले. झाकण निघालं. सरांनी ओल्या बोटांनी प्रत्येक दांडीला कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या, पायरीवर नारळ फोडला आणि त्याचं पाणी रिवाजाप्रमाणे मिक्सरवर भरपूर शिंपडलं. पूजेचं ताट उज्वलाने धरलं होतं. एवढ्या मोठ्या सरांनी आपल्या पोरीच्या मशीनला स्वतः हात लावला, म्हणून तिला भरून आलं होतं. पोरीला परत न्यायचं ती त्या दिवशी विसरूनच गेली. मालविका मागे उभी राहून ओढणीने मिक्सर टिपत होती.

पुढच्या रविवारी पालक मेळावा होता. मालविकाने साठवलेली मांडणी लावली. दांड्या निघाल्या, आणि कुंकू, तांदूळ, नारळाचं पाणी यांच्या चिखलात अर्ध्या अडकल्या. सरांची दांडी वर गेली ती खाली येईना. आवाज बंद करायचं बटण चिकटलेलं. ‘तुमचा पाल्य हीच आमची जबाबदारी’ असं सर म्हणाले, आणि त्यापाठोपाठ अशी शिट्टी वाजली, की पुढच्या रांगेतल्या पालकांनी कान झाकले. मालविकाने धावत जाऊन मिक्सरची वायर उपटली.

‘‘ऑपरेटरने मशीनवर चहा सांडला होता,’’ सरांनी माईकशिवाय सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी मालविकाला ‘आता अभ्यासाकडे लक्ष दे’ असा आशीर्वाद देऊन घरी पाठवलं. ती चहा पीत नाही, हे सरांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मेळाव्यातलं हे सगळं उज्वलाला आज कळलं, तेही मडिवाळप्पाकडून. त्याने दिवाळीचा रामराम घालायला फोन केला होता.

‘‘मशीन हैदराबादेहून धुऊन आलंय बगा, ताई. कारागीर म्हणाला, आत आर्धं देऊळ निघालं. पर सर चहाचंच धरून बसलेत. नवा मानूस बघून राहिलेत. अक्काला सगळे क्लासवाले आता चहावाली म्हणून वळखतात. दुसरीकडं विचारलं होतं तिनं. न्हाई म्हणाले.’’

फोन ठेवून उज्वला मालविकाच्या खोलीत गेली. पोरगी बी.एड.चा अर्ज भरत होती. अक्षर सुबक होतं.

‘‘तू सरांना सांगितलं का नाहीस, की पूजेमुळे झालं?’’

‘‘सांगून काय होतं?’’

‘‘पण खरं तेच होतं ना!’’

‘‘आई, तिथे वीसजण उभे होते. तूही होतीस.’’ मालविकाने मान वर न करता विचारलं, ‘‘आडनाव आधी लिहायचं का नंतर?’’

उज्वला बाहेर आली. हणमंतराव पेपर वाचत होते.

‘‘सरांना फोन लावते.’’

‘‘कोणत्या सरांना? राघवेंद्र सरांना?’’ त्यांनी पेपर खाली घेतला. ‘‘अगं, काय बोलणार? आणि कशासाठी? तिने ते सोडावं म्हणून तूच तर जीव काढत होतीस. सुटलं ना आता?’’

‘‘सोडणं वेगळं. तिला काढलंय, तेही खोटं बोलून.’’

‘‘धाकट्या भाच्याला यंदा तिथेच घालायचंय, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं.’’

तेही तिच्या लक्षात होतं. सरांशी आजवर ती पाच-सहा वेळा बोलली होती, आणि प्रत्येक वेळी तिच्या तोंडून फक्त ‘हो सर’ एवढंच निघालं होतं. आता पहिलं वाक्य नारळाचं, दुसरं हैदराबादच्या कारागिराचं, आणि तिसरं मालविकाला पुन्हा त्या खुर्चीवर बसवण्याचं, असं तिने मनाशी ठरवलं. तिसरं वाक्य आपण बोलणार आहोत यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. सर म्हणतील, क्लास सुरू आहे, नंतर करा. मग नंतर करू. ते उचलणार नाहीत. मग पुन्हा लावू.

तिने गॅसवरचं दूध उतरवलं, पदराला हात पुसले आणि सरांचा नंबर काढला.