ओरगडमपुढचा गुरांचा फार्म आणि आमच्या हिराची हाक

उशिरा लिहितो आहे, माफी असावी. जाऊन येऊन महिना झाला. मोबाईलवर एका बोटाने लिहायचं, शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे दर ओळीला चुकेल की काय वाटतं. पण लिहायचं लांबवणं ही माझी जुनी खोड आहे, आणि ती एकदा फार महागात पडली.

माझा मोठा भाऊ गणपत, आमचा तात्या, खिलार वळूंच्या, रेल्वेच्या वाघिणीबरोबर माणदेशातून मद्रासकडच्या मोठ्या फार्मवर गेला आणि तिथेच कामाला राहिला. मी तेव्हा तिसरीत. त्याचं कार्ड आलं : "बरा आहे. उत्तर धाड." वडिलांना लिहिता येत नव्हतं. मी उत्तर लिहिलं, पण पत्ता चुकला तर, या भीतीने कार्ड पुस्तकात ठेवलं ते ठेवलंच. घरी सांगितलं, टाकलं म्हणून. तात्याचं पुन्हा पत्र आलं नाही.

आता आम्ही मद्रासजवळ तांबरमला राहतो. मुलगा ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात आहे. तो फार्म अजून चालू आहे असं कळलं आणि मला घरात बसवेना.

"आबा, तिथे आता तुम्हाला कोण ओळखणार?" मुलगा म्हणाला.

सूनबाई इंदिरा तंजावरकडची मराठी. ती म्हणाली, "मामंजी, भिऊं नका. मी येतें. तमिळ बोलायाचें मी पाहतें."

सकाळी निघालो. गॅस बंद आहे का ते मी दोनदा परत जाऊन पाहिलं. तांबरमलाच पोंगल-वडा खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. बसने ओरगडम, तिथून रिक्षा. भाडं आधी ठरवा. फार्मवर आदल्या दिवशी फोन करावा लागतो. फाटकावर आधारकार्डाऐवजी मी बसचं तिकीट पुढे केलं, तेव्हा वॉचमनने मला आधी पाणीच दिलं.

आणि आत! अहो, नजर पोचेल तिथवर कुरण! वशिंडं डुलवणारे वळू, तांबड्या-पांढऱ्या गाई, वासरांचा वेगळा वाडा. मी पोरासारखा कुंपणाकुंपणाने धावलो, इंदिरा मागून, माझ्या मधुमेहाच्या धास्तीने, "मामंजी, साखर, साखर!" ओरडत होती.

तिथे मुरुगेसन भेटले. माझ्याच वयाचे, जुने गवळी. निवृत्त झाले तरी रोज येऊन बसतात. त्यांनी सांगितलं ते इंदिराने मला समजावलं. फार्म सुरू झाला तो गोऱ्या पलटणीच्या तोफा ओढणाऱ्या बैलांसाठी. पुढे इथले वळू गावोगाव जाऊ लागले आणि साऱ्या भागातली गुरं सुधारली. दुष्काळात इथलाच चारा वाटला जाई. "कारखाने आत्ता आले," मुरुगेसन हसले. "आधी मुलगी द्यायची तर विचारायचे, फार्मवर कामाला आहे का?"

तात्याचं नाव काढायचं माझ्याने होईना. मेला असं ऐकावं लागलं तर?

इतक्यात दुपारच्या धारेची वेळ झाली. एका गवळ्याने फाटक उघडून हाक दिली, "हो हिराऽऽ, हो मायेऽऽ, हो!"

मी इंदिराचा हात घट्ट धरला. हिरा आमची घरची गाय! ही माझ्या वडिलांची हाक! "विचार त्यांना, ही हिरा कोण?"

"कोण म्हणजे?" मुरुगेसन म्हणाले. "गाईंना असंच बोलवतात, अय्या. एका मराठी माणसाने माझ्या अप्पांना शिकवलं. गणपती त्याचं नाव. रोज पोस्टमनला विचारायचा, लेटर आहे का? आम्ही पोरं चिडवायचो, तुझं लेटर बैलगाडीने निघालंय!"

इंदिराने हे मला सांगितलं. "तो माझा भाऊ. पुढे कुठे गेला, विचार," मी तिला म्हणालो.

तात्याने पुढे लग्न केलं आणि कुंभकोणमकडे, बायकोच्या गावी गेला. त्यानंतरचं मुरुगेसनना ठाऊक नाही.

निघताना मीही हाक दिली. सगळ्या गाईंनी माना वर केल्या! मुरुगेसन टाळी देत म्हणाले, "अय्या, उद्यापासून कामावर या."

घरी आल्यापासून मी ती हाक बाल्कनीत मारून पाहतो, शेजारी हसतात. इंदिराचं माहेर कुंभकोणमकडे चौकशी करतं आहे. त्या बाजूला कुणी गाईंना "हो हिरा" म्हणताना ऐकलंत, तर इथे खाली लिहा, अर्धवट माहिती असली तरी.

आणि तात्या, कुणी तुला हे वाचून दाखवलं तर : आम्ही बरे आहोत. पत्र मी टाकलंच नव्हतं. उत्तर धाड, लवकर.